गोवा १९६१ : आक्रमण की विमोचन? सुरक्षा परिषदेतील एका मतदानाचा पुनर्विचार

प्रस्तावना

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजांनी युक्रेनच्या सीमा ओलांडल्या. दुसऱ्याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेत या कारवाईचा निषेध करणारा मसुदा मतास टाकण्यात आला. अकरा सदस्यांनी त्याच्या बाजूने मत दिले, रशियाने नकाराधिकार वापरला आणि भारत, चीन व संयुक्त अरब अमिराती हे तीन देश तटस्थ राहिले. २ मार्च रोजी आमसभेत १४१ विरुद्ध ५ अशा मतांनी जो ठराव संमत झाला त्या वेळीही तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. या तटस्थतेवर आपल्याकडे वर्तमानपत्रांतून व महाविद्यालयीन चर्चासत्रांतून पुष्कळ लिहिले व बोलले गेले. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील पदवी वर्गांना शिकविताना प्रस्तुत लेखकाला जो प्रश्न वारंवार विचारला गेला तो मात्र युक्रेनविषयीचा नव्हता. 'मोठ्या देशाने शेजारच्या छोट्या प्रदेशात सैन्य घालणे हे जर आक्रमण, तर मग गोव्याचे काय?' हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाला 'गोवा आपलाच होता' असे एका वाक्यात उत्तर देता येते आणि बहुतेक वेळा ते तसेच दिले जाते. उत्तर चुकीचे नाही. परंतु ते इतिहासाचे उत्तर नाही, कारण 'हा प्रदेश मूळचा आमचाच' असे न म्हणणारा आक्रमक आधुनिक जगात जवळजवळ आढळत नाही. प्रस्तुत लेखात १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत झालेली चर्चा व मतदान केंद्रस्थानी ठेवून भारताची कोणती भूमिका भक्कम होती, कोणती दुबळी होती आणि जगाने जो प्रतिसाद दिला त्यामागे तत्त्व किती व व्यवहार किती होता, याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दांचा प्रश्न

मराठीत या घटनेसाठी 'गोवा मुक्ती' व 'गोवा विमोचन' हे दोन शब्द रूढ आहेत. लिस्बनच्या कागदपत्रांत तीच घटना 'आक्रमण' म्हणून नोंदली गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात जी लष्करी मोहीम झाली तिला आपण 'पोलीस कारवाई' म्हणतो. १३ ते १७ सप्टेंबर असे पाच दिवस रणगाडे व विमाने वापरून झालेल्या मोहिमेला हे नाव देण्यामागचा हेतू उघड आहे. पोलीस आपल्याच घरात कारवाई करतात. निजामाने हा प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला होता व तिने त्याची दखलही घेतली होती, ही गोष्ट मराठवाडा मुक्तिसंग्राम शिकविताना क्वचितच सांगितली जाते. रशियानेही २०२२ मध्ये 'विशेष लष्करी मोहीम' असाच शब्द योजला. मुद्दा असा, की नाव कोणी दिले हे पाहून घटनेचा निवाडा करता येत नाही. नावामागील दावे तपासावे लागतात.

चौदा वर्षांची वाटाघाट

इ. स. १५१० मध्ये आफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकून घेतला. पुढे दीव, दमण, आणि अठराव्या शतकात गोव्याच्या अवतीभवतीचे 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखले जाणारे तालुके पोर्तुगीजांकडे गेले. १९४७ मध्ये ब्रिटिश निघून गेले तेव्हा भारतीय उपखंडात फ्रेंच व पोर्तुगीज अशा दोन युरोपीय सत्तांचे छोटे प्रदेश उरले. फ्रान्सने वाटाघाटी केल्या व १ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडिचेरीचा कारभार प्रत्यक्ष भारताच्या हाती आला. पोर्तुगालने वाटाघाटी करण्यासच नकार दिला. भारत सरकारने फेब्रुवारी १९५० मध्ये लिस्बनकडे औपचारिक मागणी केली. उत्तर असे आले की हा चर्चेचा विषयच होऊ शकत नाही. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपला दूतावास बंद केला.

या नकारामागे सालाझार यांची एक घटनात्मक युक्ती होती आणि पुढील सर्व कायदेशीर वाद तिच्याभोवती फिरतो. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नवे नाव दिले. गोवा, अंगोला, मोझांबिक ही वसाहत नव्हेच, तो पोर्तुगालचाच भाग, अशी ही भूमिका होती. १९५५ च्या डिसेंबरमध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. सनदेच्या अकराव्या प्रकरणानुसार स्वशासन नसलेल्या प्रदेशांची माहिती राष्ट्रसंघास देण्याचे बंधन असते. 'आमच्याकडे असा प्रदेशच नाही' असे सांगून पोर्तुगालने ते झिडकारले.

दुसरीकडे प्रत्यक्ष जमिनीवर चळवळ चालू होती. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे सभाबंदी मोडली, तिथून पुढचा इतिहास मराठी वाचकास परिचित आहे. १९५४ च्या जुलै व ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. १९५५ च्या सत्याग्रहात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा होता. नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधु लिमये हे त्यातील ठळक लोक. पैकी गोरे व लिमये यांना पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने दीर्घ मुदतीच्या शिक्षा ठोठावल्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. यानंतर नेहरूंनी काय केले? सैन्य पाठविले नाही, उलट सामुदायिक सत्याग्रहालाच बंदी घातली, गोव्यातील वकिलात बंद केली आणि आर्थिक नाकेबंदी कडक केली. या निर्णयाबद्दल महाराष्ट्रात त्यांच्यावर कडवट टीका झाली. तथापि १९६१ च्या कारवाईचे मूल्यमापन करताना हीच सहा वर्षे भारताच्या बाजूने सर्वाधिक बोलतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मधल्या काळात पोर्तुगालने दादरा-नगर हवेलीचा प्रश्न हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. भारतातर्फे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी बाजू मांडली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला हे भारताने नेमलेले तात्पुरते न्यायाधीश होते. १२ एप्रिल १९६० चा निकाल अभ्यासनीय आहे. दमणहून या प्रदेशांकडे जाण्यासाठी खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्यापुरता मार्गाधिकार पोर्तुगालला १९५४ मध्ये होता, सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांच्यासाठी मात्र तो नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याकडील पाठ्यपुस्तके या निकालाला भारताचा विजय म्हणतात. निकालाचा पहिला भाग वाचल्यास तो पूर्ण विजय नव्हता हे दिसते: पोर्तुगालची तेथील सत्ता मुळातच शून्य होती, असे न्यायालयाने म्हटले नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस मात्र वारे फिरले. १४ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने वसाहतींतील जनतेला स्वातंत्र्य देण्याविषयीचा १५१४ क्रमांकाचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारला. पोर्तुगाल, ब्रिटन, फ्रान्स व अमेरिका यांच्यासह नऊ देश तटस्थ राहिले. दुसऱ्याच दिवशी १५४२ क्रमांकाच्या ठरावाने पोर्तुगालच्या कोणकोणत्या प्रदेशांना स्वशासन नाही याची यादीच दिली आणि तीत गोव्याचे नाव होते. 'सागरपार प्रांत' ही युक्ती येथे निकालात निघाली. १९६१ च्या प्रारंभी अंगोलात उठाव झाला व तो अतिशय क्रूरपणे दडपण्यात आला. ऑक्टोबर १९६१ मध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींविषयी जे चर्चासत्र झाले त्यात आफ्रिकी नेत्यांनी भारताला आपल्या संथपणाबद्दल जाब विचारला. वसाहतवादविरोधी चळवळीचे नेतृत्व करू पाहणाऱ्या देशाच्या अंगणातच वसाहत असावी, ही अडचण नेहरूंना आता परवडणारी नव्हती.

अठ्ठेचाळीस तासांहून कमी

लष्करी घटनाक्रमावर येथे फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून 'साबरमती' या भारतीय प्रवासी जहाजावर गोळीबार झाला, पाठोपाठ एक भारतीय मच्छीमार मारला गेला. १७ डिसेंबरच्या रात्री 'ऑपरेशन विजय' सुरू झाले. लेफ्टनंट जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या अधिपत्याखाली मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी पायदळ डिव्हिजन व ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड गोव्यात शिरली. 'आफोन्सो द अल्बुकर्क' ही पोर्तुगीज युद्धनौका मुरगाव बंदरात निकामी झाली. अखेरच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझार यांचा आदेश गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्वा यांनी पाळला नाही आणि १९ डिसेंबरच्या रात्री शरणागतीवर सही केली. त्यामुळे पणजी शहर व तेथील माणसे वाचली. मायदेशी परतल्यावर त्यांना लष्करातून बडतर्फ करण्यात आले. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे पन्नास सैनिक मृत्यू पावले. आक्रमणांच्या इतिहासात ही संख्या अल्प आहे, परंतु 'रक्तहीन' हा जो शब्द आपल्याकडे सैलपणे वापरला जातो तो योग्य नव्हे.

१८ डिसेंबरची बैठक

गोव्यात लढाई चालू असतानाच पोर्तुगालच्या विनंतीवरून न्यूयॉर्क येथे सुरक्षा परिषदेची बैठक भरली. त्या वेळी परिषदेत अकराच सदस्य होते व ठराव संमत होण्यास सात मते पुरेशी होती. पोर्तुगालचे प्रतिनिधी गारिन यांनी पूर्वनियोजित व चिथावणीविना केलेल्या आक्रमणाची तक्रार मांडली. भारतातर्फे सी. एस. झा बोलले.

झा यांच्या मांडणीत बारकाईने पाहिल्यास तीन निरनिराळे युक्तिवाद दिसतात, आणि त्यांचे वजन सारखे नाही. पहिला युक्तिवाद स्वसंरक्षणाचा: पोर्तुगीजांनी सीमेवर आगळीक केली, जहाजावर गोळीबार केला, म्हणून भारताला पाऊल उचलावे लागले. सनदेचे ५१ वे कलम सशस्त्र हल्ल्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क देते. परंतु साडेतीन हजारांच्या आसपास असलेली व बाहेरून कुमक मिळण्याची आशा नसलेली पोर्तुगीज शिबंदी भारताच्या सुरक्षिततेस धोका होती, हे कोणालाही पटवून देणे अवघड होते. अंजदीवची घटना निमित्त ठरली, कारण नव्हे. हा युक्तिवाद भारताने केला नसता तर बरे झाले असते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. त्याने पुढील दोन भक्कम युक्तिवादांना उणेपणा आणला.

दुसरा युक्तिवाद असा, की गोवा हा भारताचाच भाग असून त्यावरील पोर्तुगीज सत्ता ४५० वर्षांपूर्वीच्या बेकायदेशीर विजयातून आलेली आहे. ज्या सीमेस नैतिक वा कायदेशीर आधारच नाही ती ओलांडल्याने आक्रमण होत नाही. तिसरा युक्तिवाद १५१४ व १५४२ क्रमांकाच्या ठरावांचा होता. वसाहतवाद टिकवून धरणे हेच सनदेचे चालू उल्लंघन आहे आणि पोर्तुगाल ते वर्षभर उघडपणे करीत आहे, असे झा यांनी सांगितले. सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो, ही आमची मूलभूत श्रद्धा आहे व ती आम्ही सोडणार नाही, अशा आशयाचे त्यांचे विधान त्या रात्री फार गाजले. ते विधान भावनेच्या भरात गेलेले दिसते. राष्ट्रसंघाच्या ठरावांचा आधार घेणाऱ्याने त्याच भाषणात सनदेची पर्वा नसल्याचे सांगणे हे युक्तिवादाच्या दृष्टीने अडचणीचे होते, व प्रतिपक्षाने ती संधी सोडली नाही.

अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांचे उत्तर या बैठकीचा गाभा ठरले. स्टीव्हन्सन हे भारताचे शत्रू नव्हते. अमेरिकेतील उदारमतवादी वर्तुळात ते भारताचे स्नेही मानले जात. वसाहतवाद संपावा याबद्दल आपला मतभेद नाही, प्रश्न साधनांचा आहे, असे त्यांनी म्हटले. सनदेच्या दुसऱ्या कलमातील चौथे उपकलम बळाचा वापर निषिद्ध ठरविते. चांगल्या हेतूसाठी बळ वापरण्यास मुभा दिली तर प्रत्येकाचा हेतू चांगलाच असतो आणि संघटना कोलमडते. आज रात्री आपण ज्या नाटकाचा पहिला अंक पाहत आहोत त्याचा शेवट संयुक्त राष्ट्रसंघाच्या मृत्यूत होऊ शकतो, असा इशारा त्यांनी दिला.

मसुदे दोन होते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांच्या मसुद्यात युद्धविराम, भारतीय सैन्याची तात्काळ माघार व शांततेच्या मार्गाने तोडगा या मागण्या होत्या. सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांच्या मसुद्यात पोर्तुगालची तक्रार फेटाळावी व त्याने वसाहतींविषयीचे ठराव पाळावेत असे म्हटले होते. दुसरा मसुदा चार विरुद्ध सात मतांनी पडला. पहिल्यास सात मते मिळाली: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान, चीनच्या जागी बसलेले तैवानचे सरकार, चिली व इक्वेडोर. विरोधात सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक व सोव्हिएट रशिया. सोव्हिएट मत नकारात्मक असल्याने ठराव बाद झाला.

या आकड्यांचे सामान्यतः 'गोरे विरुद्ध काळे' असे सरळ वाचन केले जाते. चिली व इक्वेडोर या दोन मतांकडे पाहिले की ते अपुरे ठरते. ही दोन्ही राष्ट्रे स्वतः एकेकाळी स्पेनच्या वसाहती होती, लष्करी गटांच्या जागतिक राजकारणात त्यांचा पोर्तुगालशी संबंध नव्हता आणि वसाहतवादाविरुद्ध त्यांनी मत नोंदविलेले होते. त्यांनी बळाच्या वापरास विरोध केला. लहान देशांना मोठ्या शेजाऱ्यांपासून संरक्षण देणारी भिंत म्हणजे सनद होय आणि तिला कोणत्याही कारणाने भगदाड पडू नये, ही त्यांची चिंता खरी होती. त्यांचे मत भारताला न आवडणारे असले तरी ते अप्रामाणिक नव्हते. सोव्हिएट नकाराधिकार नसता तर भारत माघारीचा आदेश असलेल्या संमत ठरावासमोर उभा राहिला असता, ही वस्तुस्थिती आपण आनंदाच्या भरात विसरतो.

योगायोग असा, की १९ डिसेंबर रोजी, म्हणजे गोव्यात शरणागती होत असतानाच, आमसभेने १६९९ क्रमांकाचा ठराव करून पोर्तुगालने अकराव्या प्रकरणाखालील कर्तव्ये पाळली नाहीत याबद्दल त्याचा निषेध केला. एकाच संघटनेच्या दोन सभागृहांतील ही दोन दिवसांची कामे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. पाश्चात्त्य राष्ट्रांनी गोव्याचा प्रश्न पुढे आमसभेत नेला नाही, कारण तिथे त्यांना बहुमत मिळण्याची शक्यता नव्हती.

तत्त्व आणि तळ

स्टीव्हन्सन यांचा तात्त्विक मुद्दा मान्य केला तरी अमेरिकेची भूमिका केवळ तत्त्वातून आली होती असे म्हणता येत नाही. पोर्तुगाल हा १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता आणि अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवरील लाजेस हा हवाई तळ अमेरिकेला अत्यावश्यक वाटत होता. त्या तळाच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपत होती. डिसेंबर १९५५ मध्ये परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसमवेत काढलेल्या संयुक्त पत्रकात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा 'प्रांत' म्हणून आला होता. त्याच सुमारास भारत दौऱ्यावर आलेल्या ख्रुश्चेव्ह व बुल्गानिन यांनी भारताची बाजू उचलून धरली. गोवा हा शीतयुद्धाच्या पटावरील सोंगटी झाला तो तिथे.

ब्रिटनची कोंडी वेगळी होती. पोर्तुगालशी त्याचा मैत्रीचा तह चौदाव्या शतकापासूनचा, जगातील सर्वांत जुन्या तहांपैकी एक. परंतु राष्ट्रकुलातील एका देशाविरुद्ध लढणे अशक्य. ब्रिटनने निषेध केला, मतदान केले व मदत नाकारली. सालाझार यांनी याबद्दल ब्रिटनला कधीच क्षमा केली नाही.

अमेरिकेचे राजदूत गॅलब्रेथ यांनी कारवाई पुढे ढकलावी म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत प्रयत्न केले. अध्यक्ष केनेडी यांची खासगी प्रतिक्रिया मात्र अधिक मार्मिक होती. भारताचे राजदूत बी. के. नेहरू यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे केनेडींचा आक्षेप कृतीला कमी व आधीच्या प्रवचनांना अधिक होता: पंधरा वर्षे आम्हाला नीती शिकवलीत आणि शेवटी कोणत्याही सामान्य देशासारखेच वागलात, म्हणून लोकांना हसू येते. हंगेरी, सुएझ, कोरिया या प्रत्येक प्रसंगी भारताने संयमाचा उपदेश केला होता. तो उपदेश आता व्याजासह परत आला.

देशांतर्गत टीकाकारही होते, हे नमूद करणे अगत्याचे आहे. लष्करी बळाच्या वापराविरुद्ध बोलण्याची नैतिक शक्ती भारताने गमावली, असे चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी लिहिले. हेच राजाजी गव्हर्नर जनरल असताना ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याणच्या लष्करी छावणीचे नाव उल्हासनगर झाले, हे या परिसरातील वाचकांना ठाऊक आहे. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित झालेली जवळपास लाखभर माणसे जिथे दुसऱ्या महायुद्धातील सैनिकी बराकींमध्ये राहिली, त्या गावी सीमारेषा ही नकाशावरची गोष्ट कधीच नव्हती. अशा विद्यार्थ्यांसमोर 'सीमेस नैतिक आधार नव्हता' हे वाक्य उच्चारताना शिक्षकाला थोडे थांबावे लागते. त्यांच्या आजोबांच्या गावाबाबतही तेच म्हणता येईल काय?

गोमंतकीयांचा आवाज

त्या बैठकीत पोर्तुगाल बोलला, भारत बोलला, गोमंतकीय कोणी बोलला नाही. सुमारे सहा लाख लोकांच्या प्रदेशाबद्दल ही चर्चा होती. सालाझार यांच्या राजवटीत राजकीय पक्ष, सभा व वृत्तपत्रस्वातंत्र्य नव्हते. त्यामुळे गोव्यातील लोकमत मोजण्याचे साधनच पोर्तुगालने शिल्लक ठेवले नव्हते. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पीटर अल्वारिस, ज्युलियांव मिनेझिस, मोहन रानडे यांच्या कार्यावरून मुक्तीची इच्छा दिल्लीने बाहेरून आणली नव्हती हे सिद्ध होते. रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. तरीही सार्वमत झाले नाही, भारताने ते घेतले नाही आणि पोर्तुगालने कधी सुचविले नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला, परंतु त्यातील प्रश्न वेगळा होता: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि स्वतंत्र अस्तित्वाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. मराठी अभ्यासकांना हा निकाल दीर्घकाळ बोचत राहिला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो भारताच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा होय. मुक्त झालेल्या प्रदेशाला 'आम्हाला सर्वांत जवळच्या व सर्वांत मोठ्या शेजारी राज्यात जायचे नाही' असे मतपेटीतून सांगता आले आणि ते ऐकले गेले. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले.

याच्या शेजारी पूर्व तिमोरचे उदाहरण ठेवावे. तीही पोर्तुगालचीच वसाहत, तीही मोठ्या शेजाऱ्याला लागून. ७ डिसेंबर १९७५ रोजी इंडोनेशियाने तेथे सैन्य उतरविले. वसाहतीचा अवशेष आम्ही आमच्या देशात विलीन करीत आहोत, हा जकार्ताचा दावा गोव्याच्या दाव्यासारखाच ऐकू येतो. सुरक्षा परिषदेने मात्र २२ डिसेंबर १९७५ रोजी ३८४ क्रमांकाच्या ठरावाने एकमताने माघारीची मागणी केली. ऑगस्ट १९९९ मध्ये लोकांना विचारले तेव्हा ७८ टक्क्यांहून अधिक मतदारांनी इंडोनेशियाशी संबंध नाकारला. दोन घटनांतील फरक भूगोलात वा पोर्तुगीज सत्तेच्या स्वरूपात नाही. तो तेथील लोकांना काय हवे होते व नंतर त्यांना कसे वागविले गेले, यात आहे.

युक्तिवादाचे परतणे

झा यांचा दुसरा युक्तिवाद, म्हणजे साम्राज्यवादाने आखलेल्या सीमेस आधार नाही हा, दहाच महिन्यांत भारतावर उलटला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. मॅकमोहन रेषा ही ब्रिटिश साम्राज्यवादाची देणगी असून चीनने ती कधी मानली नाही, अशी पेकिंगची भूमिका होती. दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत हे उघड आहे. गोव्यात सागरपारची सत्ता होती, ईशान्येत भारताचा स्वतःचा कारभार होता. परंतु वाक्यरचना तीच होती. प्रतिसादाचे चित्रही उलटे झाले: ज्या अमेरिका व ब्रिटनने १९६१ मध्ये विरोधात मत दिले त्यांनी शस्त्रास्त्रे पाठविली, ज्या सिलोन व संयुक्त अरब प्रजासत्ताकाने पाठिंबा दिला होता ते डिसेंबर १९६२ च्या कोलंबो परिषदेत मध्यस्थाच्या जागी बसले व चीनला आक्रमक म्हणण्याचे त्यांनी टाळले. संकटाच्या त्या नोव्हेंबरात संरक्षण खाते सांभाळण्यासाठी यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगितलेली कथा आहे. तिची ही आंतरराष्ट्रीय बाजू तितकीशी सांगितली जात नाही.

१९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली तेव्हाही वसाहतविरोधी भूमिकेचा आधार पुढे करण्यात आला. या वेळी सोव्हिएट रशियाने नकाराधिकार वापरला नाही, तो तटस्थ राहिला, आणि माघारीची मागणी करणारा ५०२ क्रमांकाचा ठराव दहा विरुद्ध एक मतांनी संमत झाला. त्या बेटांवरील रहिवाशांना अर्जेंटिनाशी संबंध नको होता.

मग युक्रेन? १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात तेथील मतदारांनी प्रचंड बहुमताने स्वातंत्र्य निवडले होते. १९९४ च्या बुडापेस्ट लेखात रशियाने स्वतः त्या देशाच्या सीमांचा आदर करण्याचे वचन दिले होते. २०२२ मध्ये युक्रेन ही कोणाची वसाहत नव्हती, तो राष्ट्रसंघाचा सदस्य होता. गोव्याचा दाखला रशियाच्या कारवाईस लागू पडत नाही तो या तीन कारणांनी. भारताची तटस्थता शस्त्रपुरवठा, इंधन, युद्धक्षेत्रात अडकलेले विद्यार्थी अशा व्यावहारिक कारणांनी समजावून देता येईल. १९६१ च्या सोव्हिएट नकाराधिकाराची कृतज्ञताही त्यात धरता येईल. मात्र १९६१ मध्ये भारताने ज्या तत्त्वावर उभे राहून आपले समर्थन केले, म्हणजे तेथील जनतेची स्वशासनाची इच्छा, ते तत्त्व २०२२ मध्ये तटस्थतेच्या बाजूने बोलत नाही. हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगण्यास प्राध्यापकांनी कचरू नये.

एक शेवटची नोंद. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये लष्करी क्रांती होऊन हुकूमशाही संपली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस यांनी दिल्लीत तहावर सही केली. गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व ते प्रदेश भारतीय राज्यघटनेखाली ज्या दिवसांपासून भारताचे भाग झाले त्या दिवसांपासून पोर्तुगालने मान्य केले. बडतर्फ झालेले वासालो ए सिल्वा यांना त्याच वर्षी लष्करी दर्जा परत मिळाला. १८ डिसेंबर १९६१ ची कारवाई आक्रमण होती की नव्हती, याविषयी त्या तहात एक शब्दही नाही.